दैव वजा केलेली पुराकथा

पुराकथांवर चित्रपट बेतणाऱ्यांच्या बाजूने एक युक्तिवाद हमखास पुढे केला जातो : पुराकथेला प्रमाणसंहिता नसते, प्रत्येक युग ती नव्याने सांगते, सबब मूळाशी इमान राखण्याची मागणीच अप्रस्तुत होय. लुई लेतेरिए दिग्दर्शित 'क्लॅश ऑफ द टायटन्स' (२०१०) या चित्रपटाचा बचावही याच ढालीआडून करता येईल. युक्तिवादाचा पूर्वार्ध निर्विवाद आहे. ऑव्हिडनेही पर्सियसची कथा आपल्या परीनेच सांगितली. देवळात मेडुसावर झालेला बलात्कार आणि त्याची शिक्षा तिलाच देणारी देवता त्याने कथेत आणली, आणि राक्षसीवधाचा पराक्रम कायमचा संशयास्पद करून ठेवला. म्हणूनच चित्रपटाने काय बदलले याची नुसती यादी करून भागत नाही. त्या बदलांतून कोणता नवा प्रश्न उभा राहिला, हे तपासावे लागते.

ग्रीक कथेत ॲक्रिसियस हा डॅनाईचा पिता. नातवाच्या हातून मृत्यू येणार ही देववाणी ऐकून तो मुलीला कोंडतो, पुढे तान्ह्या पर्सियससह तिला पेटीत घालून समुद्रात सोडतो आणि अखेर क्रीडास्पर्धेत त्याच नातवाने फेकलेली थाळी लागून मरतो. मेडुसाचे शिर आणण्याचे साहसही डॅनाईचा अभिलाष धरणाऱ्या पॉलिडेक्टीसच्या कपटातून उद्भवते. दैव टाळण्याची धडपडच दैवाला वाट करून देते, हे या कथेचे आशयसूत्र. चित्रपटाने ॲक्रिसियसला डॅनाईचा पती केले आणि डॅनाईला मारून टाकले. एका फटक्यात देववाणी गेली, आई गेली, नकळत घडणारी हत्या गेली. उरला तो फसवल्या गेलेल्या नवऱ्याचा संताप आणि पालक-कुटुंब गमावलेल्या तरुणाचा सूड. शोकात्म जाणिवेच्या जागी वैराचा हिशेब आला.

देवांविरुद्ध मानवाचे बंड हा या रूपांतराचा आधुनिक आशय आहे, असे कोणी म्हणेल. तो खरोखर पेलला असता तर वरील सारे बदल क्षम्य ठरले असते. पर्सियस प्रारंभी देवदत्त तलवार नाकारतो, माणूस म्हणूनच लढण्याचा निर्धार उच्चारतो. परंतु ऐन निर्णायक क्षणी तीच तलवार त्याच्या हाती येते, देवांचा पंखधारी घोडा त्याला वाहून नेतो आणि मृत आयोला झ्यूस पुन्हा जिवंत करून देतो. स्वातंत्र्याची घोषणा करायची आणि फळ मात्र कृपाप्रसाद म्हणून स्वीकारायचे, या विसंगतीची चित्रपटाला जाणीवही नाही. ग्रीक वंशावळीत हीच आयो पर्सियसची दूरची पूर्वजा आहे. येथे ती त्याची प्रेयसी! वंश, ऋण आणि वारसा यांवर उभ्या असलेल्या कथेत ही केवळ गंमतीची चूक म्हणून सोडून देता येत नाही.

हेच हेडीसचे. ग्रीकांचा हेडीस चिठ्ठ्या टाकून वाट्याला आलेल्या मृतलोकाचा कठोर परंतु न्याय्य धनी आहे. चित्रपटाने त्याला सैतानाचा अंगरखा चढवला. कॅसिओपियाच्या गर्वोक्तीने दुखावणाऱ्या सागरकन्या आणि त्यांच्यासाठी कोपणारा पोसायडन यांची जागाही त्यालाच दिली. परस्परविरोधी शक्तींचे बहुदैवत जग अशा रीतीने सुष्ट-दुष्टांच्या द्वंद्वात कोंबले गेले.

१९८१ च्या मूळ चित्रपटानेही नॉर्स सागरातला क्रेकन उसना घेतला होता, तेव्हा शुद्धतेचे सोवळे त्यालाही नव्हते. मात्र रे हॅरीहाउसन यांनी एकेका चौकटीसाठी हाताने हलवलेली मेडुसा अंधुक प्रकाशात सरपटत येते, तेव्हा पाहणेच जीवघेणे आहे हे प्रेक्षकाला कळते. २०१० च्या चित्रपटात त्रिमितीचा परिणाम चित्रीकरण आटोपल्यावर वरून चढवला गेला. न पाहण्यातून जिंकणाऱ्या वीराची कथा, सारे काही डोळ्यांत खुपसू पाहणाऱ्या तंत्राच्या हवाली झाली.

जगभरातून सुमारे ४९ कोटी डॉलर मिळवून या चित्रपटाने २०१२ मध्ये उत्तरभागही घडवला. त्यात पर्सियस विधुर आहे. झ्यूसने जिवंत केलेली आयो दोन चित्रपटांच्या मधल्या अवकाशात केव्हाच मरून गेलेली असते. जेथे मृत्यूला किंमत नाही तेथे पुनर्जन्मालाही नसते. पुराकथेतून दैव वजा केले की माणूस मुक्त होत नाही, तो फक्त पुढच्या भागासाठी उपलब्ध राहतो.