शिष्यांतून उभी राहिलेली संस्था

मूत्रपिंडविकारांचे थोर अभ्यासक डॉ. डोनाल्ड सेल्डिन 1951 साली येल विद्यापीठ सोडून टेक्सासमधील डॅलसला आले, तेव्हा तेथील वैद्यकीय महाविद्यालय जुनाट लष्करी बराकींत कसेबसे चालत होते. तथापि पुढील वर्षी वैद्यकविभागाची सूत्रे हाती घेऊन ती 1988 पर्यंत सांभाळताना त्यांनी गुणी विद्यार्थी हेरले, त्यांना उच्च अध्ययनासाठी अन्यत्र धाडले आणि परतल्यावर स्वतंत्र कारभार सोपविला. त्यांपैकीच जोसेफ गोल्डस्टीन यांना 1985 साली मायकेल ब्राऊन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक लाभले. इमारतींची तरतूद सरकार करू शकते; परंतु विद्येची परंपरा व्यासंगी अध्यापकच निर्माण करतो, म्हणून बढतीचा विचार करताना अध्यापनालाही संशोधनाइतकाच मान मिळणे अगत्याचे आहे.