तंबू वेगळे हवेत!

कार्टून म्हणजे लहान मुलांचे, हे समीकरण आपण केव्हा आणि कोणत्या विचाराने स्वीकारले? चित्र रंगीत आहे, आवाज बारीक आहे, नायक पाच वर्षांचा आहे, एवढ्यावर निश्चिंत होऊन आपण दूरचित्रवाणी संच मुलांच्या स्वाधीन करतो आणि आपल्या कामाला लागतो. वस्तुतः हलते चित्र हे केवळ एक माध्यम आहे. त्यातून इसापनीती सांगता येते, तसा प्रौढांचा चावट विनोदही सांगता येतो. चित्र हलते म्हणून ते मुलांचे होत नाही.

‘शिनचॅन’चे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. योशितो उसुई या जपानी चित्रकाराने १९९० मध्ये ही चित्रमालिका सुरू केली, ती प्रौढ वाचकांसाठी निघणाऱ्या एका साप्ताहिकात. १९९२ पासून ती जपानच्या दूरचित्रवाणीवर आली आणि तेथील पालकांच्याही नाराजीचा विषय झाली. भारतात मात्र २००६ मध्ये ती थेट ‘हंगामा’ या मुलांच्या वाहिनीवर हिंदीतून अवतरली. आईला उलट उत्तरे देणारा, तरुण स्त्रियांशी लगट करू पाहणारा, विजार उतरवून नाचणारा बालवाडीतला मुलगा आपल्या घराघरांत कौतुकाचा विषय झाला. पुढे तक्रारी वाढल्या. २००८ च्या अखेरीस केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने मालिका थांबवायला लावली. २००९ मध्ये ती काटछाट होऊन परत आली आणि आजही मुलांची लाडकी आहे.

बंदी आली तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी टाळ्या वाजवल्या. पण जरा शांतपणे विचार करावा. दोन वर्षे मुलांनी जे पाहायचे ते पाहून झाले होते. मग कात्री चालली. प्रौढांसाठी रचलेल्या विनोदातून चार चावट वाक्ये कापली म्हणजे उरलेले आपोआप बालवाङ्मय होते काय? विनोदाचा सांगाडा तोच राहिला. आई ही थट्टेचा विषय, वडील हे दुबळे पात्र आणि मोठ्यांची फजिती हाच पुरुषार्थ! कात्रीने शब्द कापले जातात, दृष्टी कापली जात नाही. म्हणून ‘बंदी घाला’ ही आरोळी ठोकून कर्तव्य संपले असे मानणाऱ्यांनीही आत्मपरीक्षण करावे.

दुसरीकडे, अशा प्रश्नांवर तोंड उघडताच ‘अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला’ अशी ओरड करणारे विचारवंत आहेतच. त्यांना आपली परंपरा ठाऊक नाही. मराठी समाज विनोदाला कधीच घाबरला नाही. गावच्या जत्रेत तमाशाचा फड लागे, गण-गवळण होई, वगात द्व्यर्थी संवादांची आतषबाजी होई. कोणी तो तंबू जाळला नाही. त्याच जत्रेत कीर्तनाचा मंडपही असे आणि तेथे आजीच्या मांडीवर नातू बसलेला असे. गोदाकाठच्या नाथांच्या भारुडात विनोद आहे, सोंगे आहेत, चिमटे आहेत. लहान मूल सोंगाला हसते, मोठा माणूस अर्थाला हसतो आणि दोघांनाही एकत्र बसता येते. समाजाने तमाशाही ठेवला आणि कीर्तनही, फक्त दोन तंबू वेगळे ठेवले. आमची मागणी एवढीच आहे. प्रौढांनी प्रौढांचा विनोद खुशाल पाहावा, परंतु त्या तंबूवर ‘बालोद्यान’ अशी पाटी लावू नये.

पाटीचा हा आग्रह कायद्याला नवा नाही. १९९४ च्या केबल नियमांतील कार्यक्रमसंहिता सांगते की मुलांच्या कार्यक्रमांत अभद्र भाषा नसावी आणि मुलांना अयोग्य कार्यक्रम ती सर्वाधिक संख्येने पाहत असतील अशा वेळी दाखवू नयेत. २००६ मध्ये एका प्राध्यापिकेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने प्रौढांसाठीचे चित्रपट केबलवरून दाखवण्यास प्रतिबंध केला. २०२१ च्या नियमांनी इंटरनेटवरील चित्रमालिकांना ७, १३ आणि १६ वर्षांच्या वयोगटांची खूण बंधनकारक केली आणि २०२३ च्या दुरुस्तीने चित्रपटांनाही तीच वर्गवारी लागू झाली. २०२५ मध्ये शिनचॅनचा चित्रपट भारतीय चित्रपटगृहांत आला, तेव्हा त्याला आधी प्रमाणपत्र घ्यावे लागले. पण तोच शिनचॅन वाहिनीवर रोज घरात येतो, तेव्हा त्याला कोणत्याही पूर्वप्रमाणपत्राची अट नाही! तिकीट काढून जाणाऱ्या प्रेक्षकाला संरक्षण आणि फुकट पाहणाऱ्या बालकाला नाही, हा कोणता न्याय?

‘पालकांनी बंद करावे’ असा सल्ला शहरातील सुखवस्तू मंडळी देतात. त्यांनी एकदा बीड जिल्ह्यात यावे. दसरा-दिवाळी झाली की पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांतील वाड्या-तांडे रिकामे होऊ लागतात. आई-वडील कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या फडांवर जातात, ते पाडव्याच्या सुमारास परततात. मागे राहिलेली मुले आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात. आजीला हिंदी संवाद नीट कळत नाहीत. पडद्यावर चित्र आहे आणि नातू गप्प बसला आहे, एवढेच तिला दिसते. तिने काय बंद करायचे आणि कशाच्या आधारे? पडद्याच्या कोपऱ्यात मोठ्या मराठी अक्षरांत ‘सात वर्षांवरील मुलांसाठी’ असे लिहिले असेल, तर साक्षर नात तरी ते तिला वाचून दाखवील. बीडच्या घरात पहारेकरी नाही, म्हणून पाटीची गरज मुंबई-पुण्यापेक्षा बीडला अधिक आहे. आता तर पडदा हातातल्या मोबाईलवर आला आहे आणि तेथे कोणीही कोणत्याही कार्टूनचे तुकडे चढवू शकतो.

या चर्चेत एक कटू सत्य आपण नेहमी टाळतो. १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ स्थापन झाली. मराठी मुलांसाठी मराठीतून शैक्षणिक कार्यक्रम तयार करणारी ती शासकीय संस्था २०१७ मध्ये बंद करण्यात आली. शासन कोणाचे होते हा प्रश्न येथे गौण आहे. आपल्यापैकी किती जणांनी त्या दिवशी निषेधाचे एक पत्र लिहिले? परक्यांच्या मालिकेवर कात्री चालवण्यासाठी आपण मोर्चे काढतो, आपले अंगण ओस पडले तेव्हा मात्र आपण मौन पाळले. रिकाम्या अंगणात परके झाड उगवणारच.

तेव्हा करण्यासारखे काय आहे? वाहिन्यांवरील आशयावर लक्ष ठेवण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असावी, असे केंद्राने फार पूर्वीच ठरवले आहे. तीत महिला महाविद्यालयाच्या प्राचार्यांना आणि बालकल्याणासाठी काम करणाऱ्या संस्थेच्या प्रतिनिधीलाही स्थान आहे. बीडमधील कार्यकर्त्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन विनयाने विचारावे की या समितीचे सदस्य कोण आणि तिची शेवटची बैठक केव्हा झाली. २०२१ च्या दुरुस्तीनुसार वाहिनीकडे लेखी तक्रार केल्यास तिने पंधरा दिवसांत निर्णय द्यावयाचा असतो. मालिकेचे नाव, दिनांक, वेळ आणि प्रसंग नोंदवून अशा तक्रारी पाठवाव्यात. मोघम संतापाला कोणी उत्तर देत नाही, नेमक्या तक्रारीला द्यावे लागते. आणि ज्यांच्या गावी हंगामी वसतिगृह आहे, त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ तेथील मुलांना गोष्ट सांगण्यासाठी द्यावी.

मुलांना हसू द्यावे, पोट धरून हसू द्यावे. मात्र ती कशाला हसतात, याची चौकशी करण्याचा अधिकार समाजाने वाहिन्यांच्या जाहिरातदारांकडे गहाण ठेवलेला नाही. तो आपला आहे आणि तो आपणच बजावायचा आहे.