नववीचे वर्ष, परक्या मुलखात



अमिरातीतील आपल्या कुटुंबांची सरळ दोन गटांत विभागणी करता येते. काहींची मुले इथेच शारजा-दुबईच्या भारतीय शाळांत शिकतात. त्यांच्या घरी फी, बसभाडे आणि अरबीची शिकवणी हे विषय बारमाही असतात. उरलेल्यांची मुले गावी आहेत. कुटुंबाचा व्हिसा काढायचा तर किमान चार हजार दिरहम पगार हवा, किंवा तीन हजार आणि राहण्याची सोय. मुसफ्फा, अल कूझ वा सोनापूरच्या कामगार निवासांत राहणाऱ्या आपल्या कित्येक बांधवांना हा आकडा गाठता येत नाही. या सदरात आजवर आम्ही बहुतांशी पहिल्या गटाविषयी लिहीत आलो. यावेळचा विषय दुसऱ्या गटातील एका घरातून आला आहे.

विदर्भातील एक मुलगी. वडील मुसफ्फा येथील एका वर्कशॉपमध्ये फिटर, आई आणि धाकटा भाऊ गावी. पाचवीत असताना तिने जवाहर नवोदय विद्यालयाची निवड परीक्षा दिली आणि सहावीला तिथे दाखल झाली. आठवी संपता संपता शाळेत एक यादी लागली. नववीच्या वर्षासाठी उत्तर प्रदेशच्या पूर्व भागातील नवोदयात जाणाऱ्या मुलांची ती यादी होती आणि तीत तिचे नाव होते. आईने फोनवर ठाम नकार दिला. वडिलांनी आम्हांस विचारले ते एवढेच, की नाव काढून घेण्यासाठी अर्ज कसा लिहावा. आम्ही अर्ज लिहून दिला नाही. दोन तास बोलत बसलो आणि शेवटी त्यांनी संमतीपत्रावर सही करावी असे आमचे मत सांगितले. मुलगी गेली, वर्ष पुरे करून परत आली. तिने तिथे लिहिलेल्या वहीच्या पानांची छायाचित्रे वडिलांनी आम्हांला पाठविली आहेत. पुढील मजकूर तिच्या संमतीने, तिचे, शाळेचे व गावाचे नाव वगळून.

नवोदय विद्यालये १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून देशभर पसरली. त्याआधी, १९८५-८६ साली, प्रयोगादाखल दोनच शाळा निघाल्या होत्या: एक हरियाणातील झज्जर येथे आणि दुसरी आपल्या अमरावतीस. आज ही संख्या साडेसहाशेच्या पुढे गेली आहे. जिल्ह्याला साधारणतः एक शाळा, सहावीच्या वर्गात जास्तीत जास्त ८० मुले, किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी, एक तृतीयांश मुलींसाठी. राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके, अंथरूण-पांघरूण सारे विनामूल्य. या शाळांची एक प्रथा मात्र इतर कोणत्याही वसतिगृहशाळेत सहसा आढळत नाही. नववीतील सुमारे ३० टक्के विद्यार्थी एका वर्षासाठी अदलाबदलीने दुसऱ्या भाषेच्या प्रदेशात पाठविले जातात: हिंदी भागातील मुले बिगरहिंदी जिल्ह्यात, बिगरहिंदी भागातील मुले हिंदी जिल्ह्यात. ‘मायग्रेशन’ हा त्यासाठीचा रूढ शब्द. आपण इथे ज्या शब्दाने ओळखले जातो, तोच चौदा वर्षांच्या मुलांनाही लागतो.

मुलांसोबत शिक्षक असतात, प्रवास रेल्वेने होतो. वहीचे पहिले पान त्या प्रवासाचे आहे आणि त्यात रडण्यापेक्षा डब्यातील दशम्यांचा हिशेब अधिक आहे. दशम्या इटारसीपर्यंत पुरल्या. पत्र्याची पेटी बाकाखाली, तिला दोन कुलुपे. पेटीच्या झाकणाला आतून बाबासाहेबांचे छायाचित्र चिकटवलेले; ते आईने चिकटवले होते.

तिथला दिवस पहाटे पाचच्या सुमारास शिट्टीने सुरू होतो. मैदानावर कवायत, मग स्नानासाठी रांग, नाश्ता, प्रार्थनासभा. दुपारपर्यंत तास, जेवण, थोडी विश्रांती, पुन्हा शिक्षकांच्या देखरेखीखाली अभ्यास, मग खेळ. संध्याकाळी हजेरी, रात्रीचे जेवण, परत अभ्यास, दहाच्या सुमारास दिवे बंद. या क्रमात तिला नवे काहीच नव्हते, कारण तिच्या मूळ शाळेतही हेच चालते. सदनांची नावेसुद्धा तीच: अरावली, नीलगिरी, शिवालिक, उदयगिरी. सारा देश एकाच साच्याचा केला म्हणून आम्ही नवोदयवर एरवी टीका करू, परंतु घरापासून हजार किलोमीटरवर उतरलेल्या मुलीला ‘तू नीलगिरीत’ हे ऐकून केवढा धीर आला असेल, हे तिच्या त्या दिवसाच्या दोन ओळींवरून कळते.

नवे होते ते मेसमधले. मोहरीचे तेल. पहिले पंधरा दिवस भाजीचा वास नाकात गेला की तिला ताटावरून उठावेसे वाटे. बटाटा प्रत्येक भाजीत, भात भरपूर, भाकरी कुठेच नाही. सप्टेंबरच्या एका पानावर फक्त पदार्थांची यादी आहे: ज्वारीची भाकरी, ठेचा, झुणका, फोडणीचे वरण, अंबाडीची भाजी. पुढे नोव्हेंबरात तहरीची स्तुती येते, म्हणजे जीभ रुळली असावी. (तिच्या वडिलांनाही मुसफ्फ्याच्या खोलीत केरळी जोडीदारांच्या खोबरेल तेलातल्या स्वयंपाकाशी जुळवून घ्यायला चार महिने लागले होते. लेकीला पंधरा दिवसच लागले, असे ते अभिमानाने सांगतात.) डिसेंबरअखेर धुके सुरू झाले. विदर्भात थंडी असते, पण आठवडाभर सूर्य न दिसणे हा अनुभव तिला नवा होता. मैदानाचा दुसरा गोलपोस्ट दिसत नाही म्हणून कवायत रद्द झाली, तो दिवस सर्वांनी सणासारखा साजरा केला.

भाषेची गोष्ट अधिक मनोरंजक. शाळेच्या भिंतीवर जागोजागी ‘शिक्षा’ हा शब्द रंगवलेला. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण हे तिला ठाऊक होते, तरीही रोज सकाळी वर्गात शिरताना तो शब्द आधी मराठीतच वाचला जाई. एका बाईंनी ‘गणितात आणखी चेष्टा करा’ अशा अर्थाचे सांगितले, तेव्हा महाराष्ट्रातील सर्व मुली एकदम हसल्या व त्यांना उभे राहावे लागले. चेष्टा म्हणजे तिथे प्रयत्न. नवोदयच्या नियमानुसार हिंदी भागातील शाळेत तिसरी भाषा म्हणून तीच शिकवली जाते, जी तिथे येणाऱ्या स्थलांतरित मुलांची असते. म्हणजे गंगेच्या मैदानातील त्या शाळेत स्थानिक मुलेमुली सहावीपासून मराठी शिकत होती! मराठीच्या तासाला मात्र पारडे फिरे. ‘ळ’ उच्चारता येईना म्हणून आठवीच्या मुली हिच्या खाटेभोवती जमत आणि ‘काळा कावळा’ घोकत. शारजात वाढणाऱ्या आपल्या मुलांना शाळेत मराठी मिळावी यासाठी आपण किती वर्षे बोलत आहोत, ते वाचकांना सांगायला नको. पूर्व उत्तर प्रदेशातील खेड्यातल्या मुली मराठी व्याकरणाची परीक्षा देतात, हे वाचून आम्हांला आनंद झाला आणि थोडी असूयाही वाटली.

आता ज्या भयाने आईने नकार दिला होता, त्याविषयी. ते भय अंतराचे नव्हते. आडनावाचे होते.

आपल्या जिल्ह्यात आपले आडनाव ऐकताच समोरचा माणूस सारे ओळखतो; तो अपमान असला तरी परिचयाचा असतो. परक्या मुलखात आडनावाचा अर्थच कुणाला कळत नाही, आणि म्हणून प्रश्न थेट येतो. तो दसऱ्याच्या सुट्टीनंतर आला. वरच्या वर्गातील एका मुलीने विचारले, तुम्ही लोक कोण? हिने सांगितले, आम्ही बौद्ध. म्हणजे कोण? हिने उत्तर दिले नाही, पेटीचे झाकण उघडले. ती मुलगी छायाचित्राकडे पाहत राहिली आणि म्हणाली, हे तर आमच्या गावच्या चौकातही उभे आहेत. मग ती खाटेवर बसली. तिचे घर कोणत्या वस्तीत हे हिने विचारले नाही, तिनेही सांगितले नाही. खोलीतील दुसऱ्या एका मुलीने मात्र त्या दिवसापासून आपल्या लोणच्याची बरणी हिच्यापुढे करणे थांबविले. महिन्याभराने बरणी पुन्हा फिरू लागली. ते आपोआप घडले की कुणी समजावले, याचा उल्लेख वहीत नाही.

परदेशात राहून जातीचा विसर पडणे आणि परतल्यावर दारातच तिची आठवण करून दिली जाणे, हा अनुभव बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. १९१३ साली न्यूयॉर्कला पोहोचल्यावर ते कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहात राहिले. पुढे तिथल्याच वास्तव्यात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी जुळलेली मैत्री आयुष्यभर टिकली. आणि १९१७ साली बडोद्याच्या नोकरीवर रुजू होताना त्यांना शहरात खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने तिथूनही बाहेर काढले. एकाच माणसाला पारशी मित्रही मिळाला आणि पारशी जमावही. आपली मुले दुबईत वाढतात तेव्हा जात हा शब्द त्यांच्या कानी क्वचितच पडतो, आणि आपण त्यातच समाधान मानतो. विदर्भातल्या त्या मुलीला उत्तर देता आले, कारण घरातून ते तिला मिळाले होते. इथल्या किती मुलांना देता येईल?

वसतिगृह म्हणजे गरिबाची सोय किंवा वांड मुलाला लावलेली शिस्त, अशी समजूत आपल्याही काही घरांत आता रुजू लागली आहे. ती आपल्या इतिहासाशी जुळत नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातीजातींची वसतिगृहे उभी केली, त्यांत १९०८ चे अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीचे मिस क्लार्क बोर्डिंगही होते. बहिष्कृत हितकारिणी सभा जुलै १९२४ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच जानेवारीत तिने सोलापूरला वसतिगृह उघडले. संस्थेच्या पहिल्या कामांत ते होते, कारण शाळा गावात असून भागत नव्हते, विद्यार्थ्याला रात्री टेकायला जागा आणि दिव्याचा उजेड लागत होता. त्याच सुमारास साताऱ्यात कर्मवीर भाऊरावांच्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसत, आणि मुलांना धान्य आणण्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. आपल्यापैकी कित्येकांचे वडील औरंगाबादला मिलिंदच्या वसतिगृहात राहून शिकले, म्हणून आज आपण इथे आहोत.

तथापि या योजनेत सारेच गोड आहे असे आम्ही म्हणणार नाही. नववीपासून गणित व विज्ञान इंग्रजीत आणि समाजशास्त्र हिंदीत शिकवले जाते; माध्यम बदलते त्याच वर्षी शाळाही बदलते. या मुलीचे पहिल्या सत्राचे गुण घसरले होते, ते वर्षाअखेरीस सावरले. शिवाय काही पालक वैद्यकीय दाखला जोडून मुलाचे नाव वगळून घेतात. तेव्हा जाते कोण, तर ज्याच्या पालकांना असा दाखला मिळवता येत नाही ते मूल. अदलाबदलीचा हेतू मग निम्माच उरतो.

मुलांजवळ मोबाइल नसतो. ठरलेल्या रविवारी सदनाच्या बाईंच्या फोनवर बोलायचे, तेही मोजकी मिनिटे. व्हॉट्सॲपचा कॉल अमिरातीतून लागत नाही, आणि बाईंच्या फोनवर बोटिम नव्हते; म्हणून वडील साधा आंतरराष्ट्रीय फोन करीत. भारताचे घड्याळ दीड तास पुढे, तिकडचे संध्याकाळचे सहा म्हणजे इकडचे साडेचार. २०२२ पासून इथली साप्ताहिक सुट्टी शुक्रवारवरून शनिवार-रविवारवर आली आणि त्यांच्या वर्कशॉपनेही रविवार धरला, ही एक सोय झाली. पूर्वीच्या व्यवस्थेत तो फोन कामाच्या वेळेत आला असता.

ज्यांची मुले गावी पाचवीत आहेत त्यांच्यासाठी दोन व्यावहारिक गोष्टी. मूल ज्या जिल्ह्यात राहते आणि पाचवीत शिकते, त्याच जिल्ह्याच्या नवोदयासाठी त्याला परीक्षा देता येते. इथे अमिरातीत शिकणाऱ्या मुलांना ही वाट नाही. दुसरे, बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या आणि नवोदय ही केंद्राची संस्था आहे. तेव्हा जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातील लागेल. तो निकालानंतर धावपळीत काढण्यापेक्षा वडील रजेवर गावी गेलेले असतानाच काढून ठेवावा.

वहीत नसलेली एक गोष्ट वडिलांनी सांगितली. लेक तिकडे असताना तिच्या जिल्ह्यातील शाळेत उत्तर प्रदेशची मुले आली होती. पालकभेटीच्या रविवारी त्यांना भेटायला कोण येणार? धाकट्यासह आई पहिल्या भेटीच्या रविवारी सवयीनेच डबा घेऊन शाळेत गेली, आणि मुलगी इथे नाही हे फाटकाशी गेल्यावर तिच्या लक्षात आले. मग लेकीच्या खाटेवर राहायला आलेल्या मुलीला तिने बोलावून घेतले. वर्षभर प्रत्येक भेटीला तो डबा तिच्यासाठी जात राहिला. ती मुलगी आता आपल्या गावी परतली आहे; मागच्या महिन्यात तिच्या आईचा फोन आला होता. ठेचा कसा करायचा, मिरच्या आधी भाजायच्या की नंतर, एवढेच विचारायचे होते.