तळघरांतला दरबार

जुन्या कथेचा नवा अवतार पाहावयास बसलें म्हणजे प्रेक्षकाच्या मनांत एक तराजू आपोआप उभा राहतो. पहिल्यांत अमुक होतें, दुसऱ्यांत तें राहिलें नाहीं, या नटानें हें साधलें, त्यानें तें घालविलें, असा जमाखर्च चालूं होतो आणि खुद्द गोष्ट बाजूस पडते. ग्लेन मॉर्गन यांनीं २००३ सालीं काढलेल्या ‘विलर्ड’ या अमेरिकन भयपटाच्या नशिबीं हेंच आलें. याच नांवाचा डॅनियल मॅन यांचा चित्रपट १९७१ सालीं अमेरिकेंत उत्तम चालला होता. त्याच्या मानानें हा पुनरवतार फारसा कोणीं पाहिला नाहीं. उंदरांचें भय तें कसलें, असें म्हणून पुष्कळांनीं त्याला हंसण्यावारी नेलें असावें. आमच्या मतें मात्र दोहोंमध्यें नवाच अधिक जाणता आहे, आणि त्याचें कारण उंदीर नव्हे.

दोन्ही चित्रपटांचें मूळ स्टीफन गिल्बर्ट या उत्तर आयर्लंडमधील लेखकाच्या १९६८ सालच्या एका कादंबरींत आहे. ती रोजनिशीच्या रूपानें लिहिलेली आहे. रोजनिशी लिहिणारा माणूस एकटाच बोलत असतो व त्याला अडविणारें कोणी नसतें; त्यामुळें स्वतःच्या दुष्टपणालाहि तो न्यायाचें नांव देऊं शकतो. पडद्यावर ही सोय नाहीं. तेथें एकट्या माणसाला बोलावयास कोणी तरी समोर लागतें, आणि येथें तें स्थान उंदरांस मिळालें आहे.

विलर्ड स्टाइल्स हा एका जुनाट, मोडकळीस आलेल्या घरांत आपल्या आजारी आईसह राहतो. वडील वारले आहेत. ज्या धंद्यांत वडिलांचा हात होता तो आतां मार्टिन नांवाच्या गृहस्थाच्या ताब्यांत असून विलर्ड तेथें कारकुनी करितो. एका जुन्या वचनाखातर त्याची नोकरी टिकली आहे, आणि तें वचन किती जड झालें आहे हें मार्टिन त्याला चार माणसांदेखत ऐकवीत असतो. घरीं आईची जीभ त्याच्या नांवापासून अबोलपणापर्यंत कशालाहि सोडीत नाहीं. तिला तळघरांत उंदरांची चाहूल लागते व तो सापळे मांडावयास खालीं उतरतो. चिकटफळीवर एक पांढरा उंदीर अडकतो. त्याला मारणें विलर्डच्यानें होत नाहीं. तो त्याला सोडवितो, सॉक्रेटिस असें नांव देतो, आणि या माणसाच्या आयुष्यांत प्रथमच त्याची वाट पाहणारें कोणी तरी निर्माण होतें. १९७१ च्या चित्रपटांत हाच प्रसंग बागेंतल्या हौदावर घडतो. उंदरांना खाऊची लालूच दाखवून मग पाणी सोडावयाचें असा बेत असतो, पण त्यांची धडपड पाहून विलर्डचें मन द्रवतें. तो जुना प्रसंग नव्याहून सरस आहे, हें सांगितलें पाहिजे.

येथपर्यंत कथा करुण आहे. तींत भय शिरतें तें बेनबरोबर. बेन हा आकारानें प्रचंड. नव्या चित्रपटांत त्यासाठीं आफ्रिकेंतील गॅम्बियन जातीचा, गालांत पिशव्या असणारा उंदीर घेतला आहे, आणि तो जवळजवळ मांजराएवढा दिसतो. तो बुद्धिमान आहे, सांगितलेलें त्याला समजतें, इतर उंदीर त्याच्या मागें चालतात. मार्टिनच्या नव्या मोटारीचे टायर कुरतडावयाचे झाले म्हणजे फौज हवी, आणि फौजेला बेन हवा. पण रात्रीं विलर्डच्या उशाशीं जागा सॉक्रेटिसची. बेनची रवानगी तळघरांत. काम एकाचें, कौतुक दुसऱ्याचें.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकास हें ओळखण्यासाठीं उंदरांची गरज नाहीं. पाहुणे आले म्हणजे विहिरीवरून पाणी आणावयास एक पुतण्या आणि त्यांच्यापुढें श्लोक म्हणून दाखवावयास दुसरा, ही वांटणी कोणी ठरवून केलेली नसते. म्हणूनच तिच्याविरुद्ध दाद कोणाकडे मागावी हेंहि कळत नाहीं. ज्याच्यावर अन्याय होतो तो बहुधा बोलत नाहीं. तो पाहत राहतो. बेन अंधारांतून नुसता पाहत राहतो ते या चित्रपटांतील सर्वांत भयंकर क्षण आहेत. जेथें रक्त दिसतें त्या जागा त्या मानानें साध्या आहेत.

खरें मर्म पुढेंच आहे. मार्टिन विलर्डला जसें वागवितो, तंतोतंत तसेंच विलर्ड बेनला वागवितो. दोघांनाहि समोरच्याची कामापुरती गरज आहे, दोघांनाहि त्याचें दर्शन नकोसें आहे. अपमान गिळून माणूस नम्र होतो असें आपण समजतों. पुष्कळदां तो फक्त वरिष्ठाची रीत शिकतो. विलर्डला हें कधींच उमगत नाहीं. मार्टिन सॉक्रेटिसला ठार करितो, तेव्हां विलर्ड बेनला घेऊन सूड उगवावयास जातो. आणि सूड उगवून झाल्यावर, ज्यानें तो उगविला त्यालाच टाकून मोकळा होऊं पाहतो. यापुढें बेननें काय करावें अशी त्याची अपेक्षा होती?

मार्टिनच्या भूमिकेंत आर. ली एर्मी आहेत. हे गृहस्थ अमेरिकेच्या मरीन दलांत खरोखरीचे कवायत-शिक्षक होते, आणि १९८७ च्या ‘फुल मेटल जॅकेट’मध्यें त्यांनीं तसाच शिक्षक रंगवून नांव मिळविलें होतें, त्यांचें ओरडणें अभिनयाचें वाटत नाहीं. क्रिस्पिन ग्लोव्हर यांचा विलर्ड ताठ मानेचा, गळ्याशीं आवळल्यासारखा, सदैव रडण्याच्या अलीकडे उभा असलेला आहे. कांहीं ठिकाणीं ते अति करितात. परंतु सॉक्रेटिसच्या मृत्यूनंतरचा त्यांचा आक्रोश पाहून हंसूं येत नाहीं. आणि उंदरासाठीं रडणाऱ्या प्रौढ पुरुषाला प्रेक्षकांनीं हंसूं नये, हें साधणें लहान काम नव्हे.

दिग्दर्शकानें एक गोष्ट फार मार्मिक केली आहे. घरांत विलर्डच्या दिवंगत वडिलांची तसबीर लावलेली आहे, आणि ती आहे १९७१ चा विलर्ड झालेल्या ब्रूस डेव्हिसन यांची. जुना नायक नव्याचा बाप झाला! ज्यांच्या दिवाणखान्यांत तीन पिढ्यांच्या तसबिरी ओळीनें लागल्या आहेत, त्यांस भिंतीवरच्या नजरेखालीं वावरणें म्हणजे काय तें वेगळें सांगावयास नको.

कॅथरिन ही कचेरींतली सहकारिणी, जी एकटी त्याला आपुलकी दाखविते, ती मात्र नुसती येते आणि जाते. तिनें सोबतीसाठीं दिलेलें मांजर उंदरांच्या तावडींत सांपडतें, आणि त्या वेळीं ऐकूं येतें ‘बेन’ हें गाणें. १९७२ सालीं पहिल्या चित्रपटाचा पुढील भाग निघाला, त्यासाठीं कोवळ्या वयाच्या मायकेल जॅक्सन यांनीं तें म्हटलें होतें. एका उंदराशीं असलेल्या मैत्रीचें हें गीत त्या वर्षीं अमेरिकेंत लोकप्रियतेच्या अग्रस्थानीं पोहोंचलें. त्या गोड आवाजावर मांजराची धांवपळ पाहणें हा विनोद आहे, पण क्रूर विनोद आहे. घरांतील मुलांना हा चित्रपट दाखवूं नये तो या एका प्रसंगासाठीं. मोठ्यांनींहि मांजर पाळलें असल्यास आधीं विचार करावा.

शेवट दोहोंचे भिन्न आहेत. १९७१ मध्यें विलर्ड आपल्याच उंदरांना बुडवून त्यांच्यापासून सुटूं पाहतो, आणि अखेर बेन व त्याची फौज त्याचा निकाल लावतात. हिशेब पुरा होतो. २००३ मध्यें उलट घडतें. झुंजींत बेन मरतो, विलर्ड वाचतो आणि मनोरुग्णालयांत जाऊन पडतो. तेथें त्याच्याकडे एक पांढरा उंदीर येतो, अगदीं सॉक्रेटिससारखा. विलर्ड त्याला हळूच गप्प राहावयास सांगतो. आम्हांला हाच शेवट अधिक भीतिदायक वाटतो. पहिल्या विलर्डला निदान मरतांना कळलें असेल कीं आपल्यावर उलटला तो कोण आणि कां. दुसऱ्याला पुन्हां एक आवडता मिळाला आहे. त्या खोलीच्या भिंतींमागें आणखी किती उंदीर आहेत, आणि त्यांतला मोठा कोणता, हें चित्रपट दाखवीत नाहीं.