फॉरमॅट मारायच्या आधी

दिवाळीच्या सुट्टीत धाकट्या भावाने घरच्या जुन्या संगणकात एसएसडी बसवून दिली. जुन्या डिस्कवरचं सगळं, विंडोज 10 सकट, जसंच्या तसं तिच्यावर उतरवलं. पण बायोसमध्ये साटा मोड अजून 'आयडीई'च होता. आयडीईत डिस्कला एक काम संपल्यावर दुसरं मिळतं. 'एएचसीआय'मध्ये अनेक कामं एकदम सोपवता येतात. भाऊ गेल्यावर आम्हीच मोड बदलला आणि समोर निळा पडदा! 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'.

दुकानदार फोनवर म्हणाला, "सर, फॉरमॅट मारावं लागेल." प्रश्नपत्रिका पेनड्राइव्हवर घेता आल्या असत्या, पण उर्दू टायपिंगच्या इनपेजची सीडी घरात कुठेच सापडेना. बेगम म्हणाल्या, "आधी होतं तसं तर करून बघा." मोड पुन्हा आयडीई केला, संगणक निमूट सुरू झाला. म्हणजे काही बिघडलं नव्हतं. जो ड्रायव्हर लागत नाही तो विंडोज सुरू होताना उचलत नाही, आणि एएचसीआयचा ड्रायव्हर तिला आजवर लागलाच नव्हता. सेफ मोडमध्ये मात्र डिस्कचे मूळ ड्रायव्हर ती नव्याने उचलते. तोच आपला रस्ता.

आधी महत्त्वाच्या फायली बाहेर काढल्या. मग विंडोजची कळ आणि 'आर' दाबून 'एमएसकॉन्फिग' लिहिलं, 'बूट'मध्ये 'सेफ बूट'वर खूण केली, खाली 'मिनिमल' ठेवलं. रिस्टार्ट होताच बायोसमध्ये शिरलो (आमच्याकडे डिलीटची कळ, काहींकडे एफ2), एएचसीआय निवडून सेव्ह केलं. संगणक सेफ मोडमध्ये उघडला. तिथे तीच खूण काढून पुन्हा रिस्टार्ट. झालं! एवढ्यासाठी फॉरमॅट?

सेफ मोडमध्ये पिन कधी कधी चालत नाही, म्हणून खात्याचा पूर्ण पासवर्ड आधी आठवून ठेवा. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवा, नाहीतर स्वतःच्याच घराबाहेर उभं राहायची पाळी. आणि दोन डिस्क 'रेड'मध्ये जोडलेल्या असतील तर मोडला हात लावू नका, त्यावरचा सगळा डेटा हातचा जाऊ शकतो.

दुसऱ्या दिवशी नववीची उर्दू चाचणी त्याच इनपेजमध्ये टाइप केली. नस्तालीक फॉन्ट जागच्या जागी होता.