बारीक आहे, म्हणून मधुमेह नाही?

"डॉक्टर, मला कसली आलीय साखर? अंगावर मांस तरी आहे का?" आगाशीच्या दवाखान्यात हा प्रश्न मी कैक वेळा ऐकला आहे. खेदाने सांगतो, उमेदीच्या काळात मीही त्यावर मान डोलावत असे. वाडीत काम करणारा तिशीतला एक सडपातळ गृहस्थ थकव्याची तक्रार घेऊन दोन-तीनदा आला. मी शक्तीच्या गोळ्या दिल्या, साखर तपासली नाही. वर्षभराने तो पायाची चिघळलेली जखम घेऊन आला, तेव्हा साखर तीनशेच्या पुढे होती. पुस्तकातला मधुमेही लठ्ठ आणि पन्नाशीचा होता. माझा रुग्ण त्यात बसत नव्हता.

हीच विसंगती पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना खटकली. ऑक्सफर्डला काही वर्षे काम करून ते पुण्याला परतले, तर इथले मधुमेही तरुण आणि बारीक. फरक एवढाच की, मी मान डोलावली आणि त्यांनी त्या प्रश्नावर आयुष्य वेचले.

१९९३ साली त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. या मातांचे गरोदरपणापूर्वीचे वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास होते. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साऊदम्प्टनची बाळे ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत कमी होते ते मुख्यत्वे स्नायू आणि पोटातील अवयव. कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला रोड, आतून चरबीदार! २००४ साली डॉ. याज्ञिकांनी स्वतःचा आणि इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचा फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापला. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन सारखेच, परंतु युडकिनांच्या अंगात चरबी ९ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१ टक्के.

आता स्वादुपिंडाकडे वळू. जठराच्या मागे असलेल्या या ग्रंथीतील बीटा पेशी इन्शुलिन तयार करतात. त्यांची जडणघडण बरीचशी आईच्या पोटातच होते. पुण्याची ती बाळे अठरा वर्षांची झाली, तेव्हा जवळजवळ निम्मी कमी वजनाची होती. तरीही ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांची साखर प्रमाणाबाहेर निघाली. गरज वाढली की जादा इन्शुलिन पुरवायचे, ही स्वादुपिंडाची ताकदच तोकडी पडत होती. २०२१ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष मला झोप न येऊ देणारा वाटतो.

या मातांपैकी बहुसंख्य स्त्रियांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फॉलिक आम्ल जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली. म्हणून २०१२ पासून त्याच मुलामुलींना बी-१२ देऊन पुढच्या पिढीवर काय परिणाम होतो, हे पाहण्याचा प्रयोग त्यांनी हाती घेतला. याचा अर्थ गरोदरपणातल्या लोह-फॉलिकच्या गोळ्या बंद कराव्यात असा मुळीच नाही. त्या घ्यायच्याच. पण गरोदर स्त्रीच्या बी-१२ कडेही सरकारने आणि आम्ही डॉक्टरांनी तितकेच लक्ष द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मधुमेह म्हटला की आपण साखरेच्या डब्याला आणि सुकेळीला दोष देतो. सुनेच्या ताटाकडे कोणी पाहत नाही. अर्नाळ्याची ताजी मासळी दारात येते, पण सर्वांची जेवणे आटोपल्यावर तिच्या वाट्याला नुसते कालवण उरते. शाकाहारी घरांत दुधाचा पेला मुलाला मिळतो, मुलीला चहा. बी-१२ मासे, अंडी, दूध, दही यांतून मिळते, हे लक्षात ठेवावे.

वाचकहो, दोन गोष्टी करा. तिशी उलटली, घरात कोणाला मधुमेह आहे किंवा कंबर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर आहे, तर वजन कितीही कमी असो, साखर तपासून घ्या. आणि आजपासून घरातल्या लेकीसुनांना सर्वांबरोबर जेवायला बसवा. नातवाचे स्वादुपिंड त्याच ताटावर घडणार आहे.