योकोहामाचे वीजबिल : पैसे नेमके जातात कुठे?



थंडी सरत आली की आपल्या कुठल्याही कार्यक्रमात, मग तो हळदीकुंकवाचा असो की मुलांच्या नाटुकल्याचा, जेवणाच्या रांगेत एक विषय हमखास निघतो : "तुमचे विजेचे बिल किती आले?" मग एक जण टेप्कोला नावे ठेवतो, दुसरा कंपनी बदलायचा सल्ला देतो आणि तिसऱ्याच्या मते सगळा दोष अणुभट्ट्या बंद ठेवणाऱ्यांचा. मी नोकरीने सॉफ्टवेअरवाला, पण पदवी इलेक्ट्रिकलची. त्यामुळे निकाल देण्याचे काम बहुधा माझ्याकडे येते. उभ्या उभ्या उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहावे, म्हणून हा लेखप्रपंच.

माझे म्हणणे थोडक्यात असे : इंधन महागले की तो खर्च कोणीतरी भरतोच. आज ग्राहक भरतो, किंवा करदाता भरतो, किंवा पुढची पिढी भरते. म्हणून बिलाचा एकूण आकडा पाहून हळहळण्यापेक्षा त्यातल्या ओळी वाचायला शिकणे जास्त उपयोगाचे.

गॅसचे पहिले जहाज आपल्याच गावात

द्रवरूप नैसर्गिक वायू, म्हणजे एलएनजी, जपानमध्ये पहिल्यांदा उतरला तो आपल्या योकोहामात. ४ नोव्हेंबर १९६९ रोजी 'पोलार अलास्का' हे जहाज अलास्काहून नेगिशीच्या धक्क्याला लागले. तो गॅस टोकियो गॅस आणि टेप्को यांनी मिळून मागवला होता. पुढच्याच वर्षी जवळच मिनामी-योकोहामा केंद्र सुरू झाले. केवळ एलएनजीवर चालणारे ते जगातले पहिले वीजकेंद्र.

त्या काळी हा गॅस तेलापेक्षा महाग होता. मग घेतला कशाला? तर धुरामुळे. साठच्या दशकात किनाऱ्यावर कारखाने आणि वीजकेंद्रे दाटीने उभी राहिली आणि लोक हवेच्या प्रदूषणाने हैराण झाले. १९६४ मध्ये योकोहामा महापालिकेने इसोगोच्या कोळसा केंद्रासाठी वीज कंपनीकडून प्रदूषण नियंत्रणाचा करार करून घेतला. पुढे इतर शहरांनी त्याचे अनुकरण केले. एलएनजीत गंधक जवळजवळ नसते. म्हणजे हवा स्वच्छ हवी तर इंधनाला जास्त पैसे मोजावे लागतील, हा हिशेब या शहराने पन्नास वर्षांपूर्वीच केला होता.

२०११ नंतर काय बदलले?

मार्च २०११ पूर्वी जपानची साधारण चौथा हिस्सा वीज अणुऊर्जेतून येत असे. ११ मार्चचा भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमाची दुर्घटना यानंतर चित्र पालटले. १४ मार्चपासून टेप्कोच्या भागात 'केइकाकु तेइदेन', म्हणजे आपल्या भाषेत सरळ लोडशेडिंग, सुरू झाले. टोकियोचा मध्यभाग बहुतांशी वाचला, पण योकोहामातल्या अनेक वस्त्यांत पाळीपाळीने तीन-तीन तास वीज गेली. पुढे एकेक अणुभट्टी तपासणीसाठी थांबत गेली आणि सप्टेंबर २०१३ ते ऑगस्ट २०१५ या काळात देशात एकही चालू नव्हती.

ही तूट भरून काढली ती मुख्यतः आयात गॅस, कोळसा आणि तेलाने. २०११ मध्ये जपानचा परदेश व्यापार ३१ वर्षांत प्रथमच तुटीत गेला, त्यामागे हे इंधन हे एक मोठे कारण होते. ऊर्जेतील स्वयंपूर्णता २०१० मध्ये सुमारे २० टक्के होती, ती २०१४ मध्ये ६ टक्क्यांवर आली. २०२३-२४ या वर्षाचे चित्र पाहिले तर गॅस साधारण एक तृतीयांश, कोळसा २८ टक्क्यांच्या आसपास, सौर-जल-पवन वगैरे मिळून सुमारे २३ टक्के आणि अणुऊर्जा ८-९ टक्के. म्हणजे आपल्या घरातले तीनपैकी दोन दिवे अजूनही जहाजाने आलेल्या इंधनावर जळतात.

हे सगळे इंधन डॉलरमध्ये घ्यावे लागते. २०२१ मध्ये एक डॉलर साधारण ११० येनला होता, ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याने १५० ओलांडले. त्याच वर्षी युक्रेन युद्धामुळे गॅस आणि कोळसा भडकला होता. दोन्ही मार एकदम बसले.

बिलाच्या ओळी

आता बिल हातात घ्या. टेप्कोचा जुना नियंत्रित दर, म्हणजे 'जुर्यो देन्तो बी', उदाहरणाला घेऊ.

पहिली ओळ 'किहोन र्योकिन'. हा आपला स्थिर आकार. तो अँपिअरवर ठरतो : एप्रिल २०२४ पासूनच्या दराने १० अँपिअरला ३११.७५ येन, म्हणजे ४० अँपिअरला १,२४७ येन.

दुसरी ओळ वापराची. पहिल्या १२० युनिटना २९.८० येन, १२० ते ३०० पर्यंत ३६.४० आणि त्यापुढे ४०.४९ येन. जास्त वापराला जास्त दर, ही तीन पायऱ्यांची पद्धत तेलसंकटानंतर १९७४ मध्ये आली. महिन्याला ३५० युनिट वापरणाऱ्या घराचे या दोन ओळींचेच सुमारे १३,४०० येन होतात.

तिसरी ओळ सर्वांत महत्त्वाची : 'नेन्र्योही चोसेई'. महावितरणच्या बिलावर 'इंधन समायोजन आकार' असतो ना, त्याचे हे जपानी भावंड. तेल, गॅस आणि कोळसा यांच्या आयात किमतीची तीन महिन्यांची सरासरी काढतात आणि ती दोन महिने सोडून बिलात येते. जानेवारी ते मार्चचे इंधन जूनच्या बिलात दिसते. त्यामुळे बातम्यांत तेल उतरले तरी आपले बिल लगेच उतरत नाही.

जून २०२३ मध्ये टेप्कोसह सात कंपन्यांनी मूळ दर वाढवले आणि तेव्हाच इंधनाची आधारभूत किंमतही वर नेली. परिणामी त्यानंतर या ओळीत वजा आकडा दिसू लागला. वजा पाहून वीज स्वस्त झाली असे वाटते, पण तो खर्च फक्त दुसऱ्या ओळीत जाऊन बसला आहे.

चौथी ओळ 'साइएने फुकाकिन', अक्षय ऊर्जेचा अधिभार. जुलै २०१२ मध्ये सौरऊर्जा वीस वर्षे ठरावीक दराने विकत घेण्याची योजना सुरू झाली. मोठ्या सौर प्रकल्पांना तेव्हा करासह ४२ येन प्रति युनिट मिळाले. तो भार सर्व ग्राहकांवर वाटला जातो. २०१२ मध्ये अधिभार युनिटला ०.२२ येन होता, २०२५-२६ साठी ३.९८ येन. आपल्या ३५० युनिटच्या घराला तेव्हा ७७ येन पडत होते, या दराने १,३९३.

पाचवी गोष्ट दरातच मिसळलेली असते. ती म्हणजे तारांचे भाडे, आपल्याकडचा 'वहन आकार'. ऑक्टोबर २०२० पासून अणुदुर्घटनेच्या भरपाईचा काही भाग या भाड्यातून वसूल होतो. कंपनी बदलली तरी तारा त्याच, त्यामुळे हा भाग चुकत नाही. फुकुशिमाच्या भरपाई, सफाई आणि अणुभट्ट्या मोडीत काढण्याचा एकूण अंदाज २०२३ च्या अखेरीस २३.४ लाख कोटी येनवर गेला होता.

मग कंपनी बदलावी का?

एप्रिल २०१६ पासून घरगुती ग्राहकालाही कंपनी निवडता येते. गॅसवाले, मोबाइलवाले, रेल्वेवाले सगळेच वीज विकू लागले. पॉइंटही मिळतात. पण एक बारीक अट पाहा. नियंत्रित दरात इंधन समायोजनाला कमाल मर्यादा आहे. मुक्त दराच्या अनेक योजनांत ती नाही. २०२२ मध्ये टेप्कोच्या नियंत्रित दरातले समायोजन ५.१३ येनवर थांबले. मर्यादा नसलेल्या योजनांत ते पुढे चढत राहिले. त्याआधी जानेवारी २०२१ मध्ये थंडी आणि गॅसटंचाईमुळे घाऊक बाजारात वीज क्षणभर २५१ येनपर्यंत गेली होती. बाजारभावाशी जोडलेली योजना घेतलेल्यांना त्याचा फटका बसला, आणि पुढच्या काळात कित्येक नव्या कंपन्यांनी गाशा गुंडाळला.

दुसरा प्रश्न ओसाकाच्या मित्रांचा : "आमच्याकडे दर का वाढला नाही?" २०२३ च्या वाढीत कान्साई आणि क्युशू नव्हते, कारण त्यांच्या अणुभट्ट्या पुन्हा सुरू झाल्या होत्या. चुबूचाही समावेश नव्हता आणि त्यांची तर एकही चालू नव्हती, तेव्हा तेवढे एकच कारण धरू नये. टेप्कोची मात्र मार्च २०१२ पासून २०२५ संपेपर्यंत एकही अणुभट्टी चालली नाही. काशिवाझाकी-कारिवाचा सहावा संच जानेवारी २०२६ मध्ये पुन्हा सुरू करण्यात आला, पण एका संचाने सगळे बिल उतरेल अशी आशा धरू नये.

पश्चिमेची वीज इकडे का आणत नाहीत? कारण पूर्व जपान ५० हर्ट्झवर आणि पश्चिम ६० हर्ट्झवर चालतो. १८९५-९६ च्या सुमारास टोकियोने जर्मन यंत्रे घेतली आणि ओसाकाने अमेरिकन. त्याचे ओझे आजही आहे. दोन्ही बाजू जोडणारी परिवर्तकांची क्षमता २०११ मध्ये फारच कमी होती, २०२१ पासून ती २,१०० मेगावॉट झाली आहे. मार्च २०२२ मध्ये भूकंपाने बंद पडलेली केंद्रे आणि थंडी यामुळे टोकियो भागात वीजटंचाईचा पहिला इशारा निघाला, तेव्हा ही अडचण पुन्हा जाणवली.

दाभोळची आठवण

आपल्यापैकी अनेकांना एन्रॉन आठवत असेल. रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळ प्रकल्पाचा ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये नॅफ्थ्यावर सुरू झाला. दुसरा एलएनजीवर चालणार होता. दर डॉलरशी जोडलेला, आणि वीज उचलली नाही तरी ठरावीक रक्कम द्यायचीच. तेल चढले, रुपया उतरला आणि वीज मंडळाला ते झेपेना. मे २००१ मध्ये केंद्र बंद पडले.

आयात इंधन आणि डॉलर हा धोका योकोहामातही तोच आहे. फरक एवढाच की जपानने तो ठरलेल्या सूत्राने दरमहा थोडा थोडा ग्राहकावर टाकला, आणि आपल्याकडे तो एकाच मंडळाच्या डोक्यावर एकदम पडला. जपानही नेहमी सरळ वागतो असे नाही. जानेवारी २०२३ पासून सरकारने घरांना युनिटमागे ७ येनची सवलत दिली आणि पुढे ती कमी-जास्त करत, थांबवत, पुन्हा देत आले. महाराष्ट्रात २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज आहे. शेतकऱ्याला मदत हवीच, यात शंका नाही. पण दोन्हीकडे पैसा तिजोरीतून जातो, आणि तिजोरी भरतो आपणच. सवलतीमुळे एक गोष्ट मात्र बिघडते : बिल पाहून वापर आवरण्याची सवय मोडते.

तेव्हा मंडळी, करण्यासारखे एवढेच : आपल्या कराराच्या पानावर इंधन समायोजनाला 'जोगेन', म्हणजे कमाल मर्यादा, आहे का ते पाहा. बाजारभावाशी जोडलेली योजना असेल तर ती समजून उमजून ठेवा. अँपिअर गरजेपेक्षा जास्त असेल तर कमी करून घ्या. तिसऱ्या पायरीवर, म्हणजे ३०० युनिटच्या वर, आपण किती महिने जातो ते मोजा. बचत करायची तर तिथलीच सर्वांत जास्त मोलाची. आणि देशात आई-वडिलांशी बोलताना त्यांच्या बिलावरचा इंधन समायोजन आकारही एकदा विचारून पाहा.

 

— मंडळाचा एक सभासद, योकोहामा